ताटाळ्यात मांडलेलं कॉमिक

माझे बाबा २६ वर्षं एसटीत कंडक्टर होते, तासगाव डेपोला. त्यातली निम्मी वर्षं त्यांच्याकडे मुक्कामी गाडी असायची. म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावाला पोचायचं, रात्री तिथल्या देवळात नाहीतर गाडीतच सीटवर आडवं व्हायचं आणि पहाटे तिथूनच पहिली फेरी घेऊन निघायचं. त्या मुक्कामांच्या गोष्टी ऐकत आम्ही बहिणी मोठ्या झालो. लाईट गेल्यावर गाडीच्या हेडलाईटच्या उजेडात उरकलेली साखरपुड्याची पंगत, अडलेल्या बाईला घेऊन रात्री दोन वाजता मिरजेकडे पळवलेली गाडी. मी पुण्यात राहते, पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढते. या गोष्टींचं कॉमिक करायचं फार वर्षं मनात होतं. २०२३ च्या पावसाळ्यात एकदाची बसले. नाव आधीच ठरलेलं होतं, ‘मुक्कामी गाडी’.

नमुन्याची पानं दोन प्रकाशकांना दाखवली. दोघांनीही आपुलकीनं पाहिली. एकांनी विचारलं, “लहान मुलांसाठी आहे का?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग दुकानदार हे कुठल्या फळीवर ठेवणार?” प्रश्न खरा होता. मोठ्यांसाठीच्या मराठी कॉमिकला दुकानात अजून फळी नाही. मग स्वतःच छापायचं आणि स्वतःच जाऊन विकायचं ठरवलं. टोकियोत १९७५ पासून कॉमिकेट भरतं, तिथे हजारो लोक स्वतः छापलेली कॉमिक्स स्वतः मांडून विकतात, हे वाचून होते. आपल्याकडे दिल्ली हाटात २०११ साली कॉमिक कॉन हा कॉमिक्सचा मोठा मेळावा सुरू झाला आणि मग इतर शहरांत गेला. तेव्हा मांडायला जागा मिळेल, एवढा भरवसा होता.

पहिली आवृत्ती १०० प्रतींची काढली आणि ती वाया गेली. का गेली ते नीट सांगते, कारण मराठीत कॉमिक करणाऱ्या कुणाकडूनही ही चूक होऊ शकते.

मूळ चित्रं मी ए-थ्री कागदावर काढली होती आणि पुस्तक ए-फाइव्ह. म्हणजे लांबी-रुंदी बरोबर निम्मी होते. संवाद कॉम्प्युटरवर फॉन्टमध्ये टाकले. फॉन्टची उणीव नव्हती. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता, बालू हे देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात आणि सुरेख आहेत. पण स्क्रीनवर मी पान मोठं करून बघत होते. मूळ पानावर ४ मिलिमीटर उंचीचं अक्षर छापून आलं तेव्हा २ मिलिमीटरचं झालं होतं. ‘घट्ट्यासारखं’ या शब्दातल्या ट्ट्याचा नुसता काळा ठिपका. अनुस्वार कागदानं पिऊन टाकलेले. त्याआधी प्रेसमध्ये फाइल उघडली तेव्हा सगळ्या पहिल्या वेलांट्या अक्षराच्या पलीकडे जाऊन बसल्या होत्या. ते मात्र अक्षरांचे आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचं चित्रच करून, पीडीएफ दिल्यावर सुटलं. बाबांनी चष्मा लावून पहिली प्रत हातात घेतली, चार पानं उलटली आणि पुस्तक खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. बोलले काहीच नाहीत. त्या शंभर प्रती मी विकायला काढल्या नाहीत. ७४ रुपये प्रतीप्रमाणे ७,४०० रुपये गेले.

दुसऱ्या वेळी सगळी पानं ए-फोरवर नव्यानं काढली आणि अक्षरं हातानं लिहिली. हे काम मला चित्रांपेक्षा जास्त शिकवून गेलं. इंग्रजी अक्षर ओळीवर बसतं, आपलं अक्षर शिरोरेषेला लटकतं. म्हणून पेन्सिलीनं आधी वरची रेघ आखायची. रेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार यांना जागा लागते, खाली उकार आणि जोडाक्षराला. साडेचार मिलिमीटरच्या अक्षराला दोन शिरोरेषांमध्ये मी ९ मिलिमीटर ठेवले. छापून अक्षर ३.२ मिलिमीटरच्या आसपास आलं आणि बाबांनी ते संध्याकाळी, दिव्याखाली वाचलं. परदेशी कॉमिक्स बघून काढलेला संवादाचा उभट गोल फुगा आपल्या ओळींना पुरत नाही. आपल्याला आडवा, पसरट फुगा लागतो, शिवाय ‘थांबवायला’सारखा शब्द मधेच तोडून खालच्या ओळीवर ढकलता येत नाही. त्यामुळे माझा क्रम उलटा झाला: आधी अक्षरं, मग त्यांच्याभोवती फुगा, आणि उरलेल्या जागेत माणसं.

आणि आवाज! आपल्या भाषेत आवाजाचे शब्द किती आहेत ते लिहायला बसल्यावर कळलं. गाडीचं दार ‘धाडकन’, खिडकीच्या काचा ‘खडखडखड’, ब्रेक ‘चर्रर्र’, दांडीवर आपटलेला कंडक्टरचा तिकीट टोचायचा चिमटा ‘टकटक’. हे शब्द मी ब्रशनं मोठे काढले आणि शिरोरेषा गाडीच्या हादऱ्याप्रमाणे वाकडी केली. शिरोरेषा थरथरली की आख्खा शब्द थरथरतो. शिरोरेषा नसलेल्या लिपीत हे असं करता आलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

पानांचा हिशेब मला कुणी सांगितला नव्हता. मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत लागतात. गोष्ट ३४ पानांची झाली होती. म्हणजे ३६ करायची नाहीतर ३२. मी दोन पानं काढून टाकली, मुक्कामी गाडी म्हणजे काय हे समजावणारी. ज्याला ठाऊक आहे त्याला ती नकोत आणि ज्याला नाही त्याला पुढच्या चार चित्रांत कळतंच. पण पानं काढून टाकली की मागचं सगळं सरकतं. पान उलटल्यावर डाव्या हाताला येणारं पान समसंख्येचं असतं, आणि वाचणाऱ्याला चकित करायचं चित्र तिथेच हवं. अंधारात बसलेली पंगत १३ वर आणि हेडलाईट लागतात ते १४ वर, हे जमवायला मला आठवडा लागला. घरच्या कागदाची डमी करून, घड्या घालून, हातानं उलटून बघितल्याशिवाय हे कळत नाही. पिन मारलेल्या पुस्तकाची मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांची कड जास्त कापली जाते, हेही डमीवरच दिसलं. पानांचे आकडे मी कडेपासून आत घेतले.

छापायला द्यायच्या आदल्या रात्री बाबा ९ व्या पानावर अडले. उतारू उतरण्यासाठी गाडी थांबवायची होती आणि मी दोरीच्या शेजारी ‘टण् टण्’ लिहिलं होतं.

“एक घंटा थांबायची. दोन घंटा निघायची,” ते म्हणाले.

“बाबा, कोण बघतंय एवढं?”

“ड्रायव्हर बघतो ना.”

रात्री बसून ते चित्र बदललं.

या वेळी प्रेस बदलली. पुण्यात शनिवार-नारायण पेठेत लहान प्रेस पुष्कळ आहेत, पण फोनवर दर विचारण्यापेक्षा प्रत्यक्ष जाऊन कागद चिमटीत धरून बघावा. ऑफसेटला प्लेटचा खर्च असतो, तो हजारभर प्रतींवर वाटला गेला तरच परवडतो. २०० प्रतींना डिजिटल. आत १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा कागद घेतला. चकचकीत आर्ट पेपरवर माझी ब्रशची रेघ परकी वाटत होती. मुखपृष्ठ २५० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. प्रत ६८ रुपयांना पडली, एकूण १३,६००. सगळं छापायच्या आधी एक पूर्ण प्रत बांधून मागितली आणि ती सही करून परत दिली. प्रेसवाल्या काकांनीही हे बरं झालं म्हणून सांगितलं. त्यांनाही नंतरची भांडणं नको असतात.

आयएसबीएनबद्दल, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाबद्दल, बरेच जण विचारतात. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, ऑनलाइन अर्ज करायचा आणि पैसे पडत नाहीत. स्वतः छापणाऱ्या लेखकालाही मिळतो. त्यासाठी कुणा एजंटाला पैसे देऊ नका. पुस्तक आल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत आणखी तीन ग्रंथालयांना ३० दिवसांत पाठवायची असते. कोलकात्याचं पाकीट पोस्टात देताना बाबा मुद्दाम बरोबर आले होते.

पहिलं टेबल मुंबईत मिळालं, स्वतः छापणाऱ्यांच्या एका दिवसाच्या लहान मेळाव्यात. एका मैत्रिणीबरोबर अर्धं अर्धं. माझ्या वाट्याचं भाडं १,२०० रुपये. प्रती हॉलमध्ये नेऊन चादरीवर ओळीनं मांडल्या आणि पहिल्या दीड तासात एकही गेली नाही. लोक समोरून जात होते, बघतही होते, पण थांबत नव्हते. मग मी टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले आणि चालत आले. आडवं ठेवलेलं पुस्तक चालणाऱ्या माणसाला दिसतच नाही. दिसते ती चादर. मैत्रिणीनं स्टिकर अडकवायला घरून स्टीलचं ताटाळं आणलं होतं. त्यातली निम्मी जागा तिनं मला दिली. ताटं जशी उभी लावतो तशी ‘मुक्कामी गाडी’ची मुखपृष्ठं उभी लावली. लाल गाडी हॉलच्या दारातून दिसायला लागली. वर जाड ब्रशनं लिहिलेला कागद चिकटवला: ‘मराठी कॉमिक. उभं राहून वाचा.’

तो शेवटचा शब्द कामाला आला. एक प्रत मी वाचायलाच ठेवली होती. एक मुलगी ती उचलून मैत्रिणीला मोठ्यानं वाचून दाखवू लागली. मैत्रिणीला मराठी येत नव्हतं, ही प्रत्येक चित्राचं हिंदी करून सांगत होती, पण ‘खडखडखड’ला थांबून म्हणाली, “इसका हिंदी नहीं होगा, तू बस सुन.” दोघींनी एकेक प्रत घेतली. तेव्हापासून मी बोलणं कमी केलं. येणाऱ्याला गोष्ट सांगत बसायचं नाही, पुस्तक हातात द्यायचं आणि जरा बाजूला व्हायचं. १४ वं पान उलटलेल्या माणसानं बहुतेक वेळा प्रत घेतली.

दिवसाअखेर ४१ प्रती गेल्या. १५० रुपये किंमत, म्हणजे ६,१५०. भाडं आणि प्रवास-जेवणाचे ९०० वजा करून ४,०५०. त्या प्रतींच्या छपाईचे २,७८८ वजा केले की हातात उरले १,२६२. हे आकडे मी मुद्दाम देते आहे, कारण मला सुरुवातीला ते कुणी दिले नव्हते. ३६ जणांनी यूपीआयनं पैसे दिले, त्यामुळे क्यूआरचा कागद मोठा छापा. हॉलमध्ये नेटवर्क जातं, तेव्हा थोडे सुटे हवेत. मी पन्नासच्या २० नोटा नेल्या होत्या.

नंतर मोठ्या कॉमिक कॉनमध्ये तीन दिवस बसले. तिथे गर्दी अफाट, आणि ती मुख्यतः कॉस्प्ले (आवडत्या पात्रासारखा वेश करणं), पोस्टर, स्टिकर यांच्यासाठी. ५८ प्रती गेल्या, पण वाचायला थांबणारा माणूस लहान मेळाव्यात जास्त भेटतो. पहिलं कॉमिक घेऊन निघालेल्यानं आधी लहान ठिकाणी जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. एका दुकानात ४० टक्के कमिशनवर २० प्रती ठेवल्या होत्या. सात महिने झाले, हिशेब आलेला नाही. आता पोस्टानं पाठवते. २०२५ च्या मे महिन्यापासून पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा आहे, पुस्तकाच्या पाकिटाला ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये. माझी प्रत ६५ ग्रॅमची, एका पाकिटात चार जातात. म्हणून चार जणांनी मिळून मागवलं की मला फार आनंद होतो.

त्या मोठ्या कॉनमध्ये, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, चाळिशीच्या एक बाई आल्या. मुलाला कॉस्प्लेच्या रांगेत सोडून आल्या होत्या. पूर्ण पुस्तक उभ्यानं वाचलं, मग विचारलं, “डेपो कुठला?”

“तासगाव.”

“माझे वडील विट्याला होते. मेकॅनिक.” त्यांनी पानं परत मागे उलटली. “रात्री मिरजेला गाडी पळवली म्हणता. त्याच्या आदल्या दिवशी तिचे ब्रेक कुणी बघितले होते? यात मेकॅनिक कुठेच नाही.”

मी म्हणाले, “खरंच नाही.”

त्यांनी दोन प्रती घेतल्या, एक वडिलांना. फोन नंबर लिहून दिला आणि म्हणाल्या, “ते बोलतात भरपूर. फक्त सकाळी या, दुपारी झोपतात.”

मागच्या महिन्यात विट्याला जाऊन आले. बाबाही होते. दोघं म्हातारे जेवणाची वेळ टळली तरी उठेनात. वर्कशॉपच्या खड्ड्यात उतरून खालून गाडी कशी दिसते, ते त्या काकांनी माझ्या वहीत स्वतः काढून दिलं. दुसऱ्या कॉमिकचं पहिलं पान तेच आहे. सध्या २६ पानं झाली आहेत. २८ वर थांबायचं की आणखी चार घ्यायची, ते डमी बांधल्यावर ठरवीन.