डॉक्टर, मोर्चात तुमचं काय काम?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रुग्ण विचारतात, नातेवाईक विचारतात, सहकारीही विचारतात: हवामान, युद्ध, मजुरांचे हक्क, यात डॉक्टरने कशाला पडायचं? एरवी मी हसून विषय बदलते. आज नाही बदलणार.

छपरावर पत्रे बसवणाऱ्या एका मजुराला भर दुपारी आमच्याकडे आणलं. अंगात ४१.८ अंश सेल्सिअस ताप, शुद्ध हरपलेली. बर्फाचं पाणी, पंखे, सलाईन. ताप उतरला, पण आधी मूत्रपिंडं गेली, मग यकृत, मग रक्त गोठेना. दुसऱ्या रात्री तो गेला. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात एकाखाली एक ओळी असतात. पहिल्या ओळीत लिहिलं, अनेक अवयव निकामी. कशामुळे? उष्माघात. त्याखाली आणखी एक ओळ, पुन्हा तेच, कशामुळे? आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत नैसर्गिक अतिउष्णतेला एक्स ३० हा संकेतांक आहे. दुपारचं काम न थांबवणाऱ्या मुकादमाला संकेतांक नाही. ‘सावलीत बसला असता तर उद्यापासून येऊ नको म्हणाले असते,’ असं त्याची बायको सांगत होती. ते मी त्या ओळीत लिहायला घेतलं. वरिष्ठ म्हणाले, ‘हे वैद्यकशास्त्र नाही.’ दाखल्यापुरतं त्यांचं बरोबरच होतं. ओळ रिकामी राहिली. बाईंचं वाक्य पुढे मी मोर्चातल्या एका फलकावर लिहिलं, आणि तुमचे प्रश्न सुरू झाले.

राजकारण म्हणता? १८४८ मध्ये प्रशियाच्या सरकारने रुडॉल्फ फिरखो या डॉक्टरला अप्पर सायलेशियातली (हा भाग आज बहुतांशी पोलंडमध्ये आहे) टायफसची, म्हणजे उवांमधून पसरणाऱ्या तापाची, साथ बघायला पाठवलं. त्याने उपाय सुचवले ते शिक्षणाचे आणि लोकशाहीचे. अणुयुद्ध झालं तर उपचार करायला आम्ही उरणारच नाही, हे अमेरिकी आणि सोव्हिएत डॉक्टर १९८० पासून एकत्र येऊन सांगू लागले. १९८५ मध्ये त्यांच्या संघटनेला शांततेचं नोबेल मिळालं. त्यांनाही कुणीतरी ‘दवाखाना सांभाळा’ म्हणालंच असेल.

खरं सांगायचं तर पूर्वी मीही तुमच्याच बाजूची होते. डॉक्टर एका बाजूला उभा राहिला तर पलीकडचा रुग्ण त्याच्याशी मोकळं बोलेल का? त्या वेळच्या मला द्यायला आजही धड उत्तर नाही. एका रुग्णाने मला फलकासकट पाहिलं आणि डॉक्टर बदलून मागितला. शिवाय आम्ही तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? जगातल्या हरितगृह वायूंपैकी, म्हणजे पृथ्वी तापवणाऱ्या वायूंपैकी, सुमारे ५ टक्के आरोग्यसेवेतूनच निघतात. भुलीसाठी वापरलेला डेसफ्लुरेन हा वायू तर शंभर वर्षांच्या हिशेबात तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट पृथ्वीला तापवतो.

आणि हो, मी रजा टाकून जाते, ड्युटी बुडवून नाही. हे दर वेळी सांगावं लागतं याचाच जास्त राग येतो. मोर्चाने काय साधलं? दुपारी काम थांबवण्याच्या मागणीचं निवेदन घेतलं, पोच दिली, पुढे काही नाही. पुढच्या मोर्चाच्या दिवशी माझी रात्रपाळी आहे. ती कोण घेतंय ते आधी बघायचंय.