मामाचा सुप्रीम

मंगळवार, रात्री

मामाच्या अंगात आज तो टी-शर्ट होता. पांढरा, छातीवर लाल पट्टी, पट्टीत पांढऱ्या अक्षरांत सुप्रीम, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या स्केटबोर्डवाल्या कपड्यांच्या कंपनीचं नाव. केळीची कटाई चालू होती, खांद्यावर टॉवेल, टॉवेलवर घड. मी टक लावून बघत असेन, कारण तो हसून म्हणाला, "फुले मार्केटमां दीडशेले भेटना. तुले बी जोयजे का?"

नको म्हटलं. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही.

माझा खरा आहे. कपाटात वरच्या फळीवर, पिशवीत, घडीसुद्धा मोडलेली नाही. कोणी दिला ते लिहीत नाही, पुण्याचा विषय निघाला की झोप जाते. पण खरा आहे. घरी आल्यावर काढून बघितला. कापड जाड, शिलाई सरळ, गळ्यापाशी लेबल. पण लेबल बघायला कोण गळ्यात हात घालतंय? चार हातांवरून बघणाऱ्याला मामाचा आणि माझा सारखाच.

आधी वाटलं, नकलेचा राग आलाय. पण नकलेचं काय एवढं? ती लाल पट्टी तरी कुठे सुप्रीमवाल्यांची स्वतःची होती? बार्बरा क्रुगर नावाची अमेरिकन कलावंत त्यांच्या कितीतरी आधीपासून लाल पट्टीवर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत लिहीत आलेली. राग नकलेचा नाही. कॉलेजात आख्ख्या वर्गात सुप्रीम हे नाव एकट्या मला माहीत होतं, राग त्याचा आहे. रात्र रात्र मोबाइलवर स्केटबोर्डिंगचे, चाकांच्या फळीवर उभं राहून पळणाऱ्या पोरांचे, व्हिडिओ बघायचो. आपल्या गल्लीत बोर्ड चार फूटसुद्धा सरळ जाणार नाही, तरी. जेम्स जेबियाने १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या लाफायेट स्ट्रीटवर सुप्रीमचं दुकान टाकलं, कपडे भिंतीकडेला लावले आणि मधली जागा मोकळी सोडली, पोरांना बोर्डावरूनच आत येता यावं म्हणून. मला पाठ होतं हे. कोणी कधी विचारलं नाही, पण पाठ होतं. माझं होतं ते. आता ते मोबाइलच्या कव्हरवर, टोप्यांवर, पिंट्याच्या गाडीच्या नंबर प्लेटवर.

"माझं होतं ते." लिहिलं आणि परत वाचलं. माझं कसं? बोर्डावर एक पाय ठेवलेला नाही मी आजवर. माझ्यापर्यंत आलं तेही हवा झाल्यामुळेच आलं. हवा नसती तर चोपडा तालुक्यातल्या पोराला लाफायेट स्ट्रीट कुठून कळणार होता?

आणि मी पोचलो तोवर तिथे तरी काय उरलं होतं? २००० मध्ये आपल्यासारखी नक्षी बोर्डांवर छापली म्हणून लुई व्हिटॉनने, त्या महागड्या बॅगांच्या फ्रेंच कंपनीने, सुप्रीमला वकिलाची नोटीस धाडली होती. २०१७ मध्ये त्याच लुई व्हिटॉनशी हातमिळवणी करून माल काढला, आणि त्याच वर्षी कार्लाइल नावाच्या गुंतवणूक कंपनीने सुमारे ५० कोटी डॉलर मोजून जवळपास निम्मा हिस्सा घेतला. मग २०२० मध्ये व्हीएफ या कपड्यांच्या बड्या कंपनीने २१० कोटी डॉलरला आख्खी कंपनीच घेतली, आणि २०२४ मध्ये १५० कोटीला चष्मेवाल्या एसिलॉरलक्सॉटिकाला देऊन टाकली. केळीचा भाव पडतो तसा. २०१६ मध्ये तर त्यांनी वीट विकली. मातीची, खरीखुरी, वर नाव ठोकलेली. ३० डॉलर! आणि लोकांनी घेतली. आपल्याकडे प्रत्येक भट्टीवाला विटेवर नाव ठोकतो, बिचाऱ्याला हजारी भावाच्या वर किंमत नाही.

बाकी आज आई काय म्हणाली ते राहू दे.

संध्याकाळी मामी न्हाणीपाशी तो टी-शर्ट घासत होती. केळीचा चीक, कॉलरपासून बेंबीपर्यंत. ओला असतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, वाळला की काळपट तांबडा पडतो, आणि मग कशालाच दाद देत नाही. मामीने दोनदा साबण लावला, पिळला आणि तारेवर टाकला. एका खांद्याला भोकही पडलंय. मला एकदम ते व्हिडिओ आठवले. सिमेंटवर आपटून कोपर फाटलेले, पाठ घासलेली, त्याच टी-शर्टात परत बोर्डावर. दुकान उघडलं होतं ते तसल्या पोरांसाठी. आणि मी तो पिशवीत घालून, डांबराच्या गोळ्या टाकून ठेवलाय.

म्हणजे सगळ्या खानदेशात सुप्रीम कोणी नीट वापरत असेल तर आमचा मामा. हसू आलं मला. मामीने विचारलं काय झालं, काही नाही म्हटलं.

मामाला मग विचारलंच, हाच का घेतला? तो म्हणाला, लाल पट्टी बागेत लांबून दिसते, मजुरांना मालक कुठे उभा आहे ते कळतं.

उद्या राहिलेली कटाई आहे. माणसं कमी पडताहेत, तूही ये म्हणाला, जुनं काहीतरी घालून ये. जुनं शोधतोय. पिशवीतला घालणार नाही, एवढा काही मी सुधारलेलो नाही.