फणसाचा झोपाळा, नोंद ६ : जळलेला रंधा आणि वॉरंटीचे ५३ दिवस

मागच्या नोंदीत झोपाळ्याच्या दोन्ही फळ्या मांगरात (सामान ठेवायच्या खोपीत) आडव्या रचून थांबलो होतो. त्यानंतर दोन महिने इथे काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं लाकूडकाम फारसं झालं नाही. ११ मे २०२५ रोजी सकाळी साडेआठला इलेक्ट्रिक रंधा जळला आणि ५ जुलैला तो दुरुस्त होऊन परत आला. मधल्या काळात जे कळलं ते आपल्यासारख्या, समुद्राजवळ राहून हौसेने लाकूडकाम करणाऱ्यांच्या कामाचं आहे. म्हणून आज फळीपेक्षा मशीनबद्दलच जास्त लिहितो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या वेंगुर्ल्याच्या घरामागचा फणस आडवा झाला. त्याच्या फळ्या पाडून, दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून चार वर्षं सावलीत सुकवल्या. ओटीवरचा जुना झोपाळा वाळवीने खाल्ला होता. त्या जागी पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड इंच जाडीचा नवा झोपाळा, दोन फळ्या जोडून. चतुर्थीच्या आत.

रंधा ८२ मिलिमीटरचा, ७५० वॅटचा. २०२४ च्या दिवाळीत घेतलेला. कंपनीचं नाव देत नाही, कारण मशीनची जात वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. एक नग बिघडलेला निघाला, एवढंच.

फेब्रुवारीतच त्याने सांगून ठेवलं होतं. बंद करताना, फिरणं थांबायच्या शेवटच्या दोन सेकंदांत आतून खरखर यायची. शेजारचे आबा, ज्यांनी पन्नास वर्षं सुतारकाम केलं, ते पडवीत चहा पीत बसले होते. ते लगेच म्हणाले, "बाळा, ह्या मशीनीचो आवाज बरो नाय. बेअरिंग रडता हा." मी बेल्ट काढून, पात्यांचा ड्रम मोकळा ठेवून नुसती मोटर चालवली. खरखर तशीच. म्हणजे दोष ड्रममध्ये नाही, मोटरमध्ये. त्याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "नवीन आहे, वापरा, बसेल." आणि मी वापरत राहिलो. तेव्हाच मशीन सर्व्हिस सेंटरला पाठवायला हवी होती, याची मला आजही रुखरुख आहे. पण तो व्हिडिओ आणि ते उत्तर, दोन्ही तारखेसह फोनमध्ये राहिले. पुढे सगळं त्यावरच तरलं.

११ मेला काय झालं? एका फळीवर रंध्याचा तिसरा हात (फेरी) चालू होता, खोली अर्धा मिलिमीटर, म्हणजे काहीच नाही. अचानक आवाज जाड झाला, मागच्या जाळीतून निळसर ठिणग्यांचं कडं दिसलं आणि जळक्या वार्निशचा तो ओळखीचा वास. मी प्लग ओढला. हाताला मागचा भाग चटका बसेल इतका तापला होता, पुढचा कोमट. ही गोष्ट मी त्याच वेळी वहीत लिहिली.

आता मोह होतो स्क्रू काढून आत बघायचा. काढू नका. एका स्क्रूवर बऱ्याचदा कागदी सील असतं, ते फाटलं की वॉरंटीचं बोलणंच संपतं. पण कार्बनच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या ठोकळ्यांच्या, टोप्या बाहेरून उघडतात, त्या आपल्यासाठीच असतात. मी दोन्ही कार्बन काढले. नवीन असताना १३ मिलिमीटरचे होते (पहिल्या दिवशी मोजून ठेवले होते), आता ११. म्हणजे फारशी झीज नाही. पण एकाचा कोपरा तुटलेला, तोंडावर आडवे टोचे. कार्बन नुसता झिजतो तेव्हा तोंड कम्युटेटरच्या (कार्बन ज्यावर घासतो त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या भागाच्या) गोलाईवर गुळगुळीत बसतं. टोचे पडलेत म्हणजे खालचा कम्युटेटर थरथरत होता, आणि तो थरथरतो ते बहुधा बेअरिंग खिळखिळं झाल्यावर. आबांचा कान मशीन न उघडता तिथे तीन महिने आधी पोचला होता.

१३ मेला रंधा पार्सलने कोल्हापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला पाठवला. सोबत बिलाची प्रत, नोंदणीचा ईमेल आणि अर्ध्या पानाचं पत्र. २२ मेला फोन आला. "आर्मेचर जळलंय. लो व्होल्टेजवर चालवल्यामुळे ओव्हरलोड. वॉरंटीत बसत नाही. २,६५० रुपये होतील." आर्मेचर म्हणजे मोटरचा फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग.

इथे बहुतेक जण पैसे भरतात. मीही भरले असते, कारण कोकणात लो व्होल्टेज नाही असं कोण म्हणेल? माड-पोफळीचे पंप सुरू झाले की संध्याकाळी आमच्याकडे १८५ व्होल्टपर्यंत उतरतं. आणि लो व्होल्टेजने मोटर जळते हे खोटंही नाही. रंधा, ग्राइंडर, ड्रिल यांतली कार्बनवाली मोटर कमी व्होल्टेजला हळू फिरते, तिच्यावरचा पंखाही हळू फिरतो, थंड हवा कमी मिळते. त्यात काम पुढे सरकत नाही म्हणून आपण जोर लावतो, करंट वाढतो. उष्णता वाढते आणि ती बाहेर नेणारी हवा कमी पडते.

पण माझ्याकडे वही होती. जानेवारीत स्टॅबिलायझर घ्यावा की नाही हे ठरवायला प्लगमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर आणला होता. तेव्हापासून दर वेळी काम सुरू करताना आकडा लिहीत होतो. सकाळी आठला साधारण २२०, दुपारी २०८ च्या आसपास, संध्याकाळी सातनंतर १८२ ते १९०. जळण्याच्या दिवशी २२१. मार्चमध्ये दोन संध्याकाळी मी १८८ ला रंधा चालवला होता. तेही पत्रात लिहिलं, लपवलं नाही. आपली बाजू मांडताना अर्धंच सांगितलं तर उरलेलं ते काढतातच, आणि मग खऱ्यावरही विश्वास राहत नाही.

त्याच वेळी माझी केबलही तपासली. २५ मीटरची, ०.७५ चौरस मिलिमीटर तांब्याची. जाऊन-येऊन ५० मीटर तार, रोध साधारण १.३ ओहम. ४ अँपिअरला ५ व्होल्ट तिथेच जातात. आता २.५ चौरस मिलिमीटरची घेतली, त्यात दीड व्होल्टच जातो. वाचले साडेतीन. संध्याकाळी रंधा न चालवण्याने वाचतात ३५. केबल जाड असावीच, पण घड्याळ बघून काम करण्याचा फायदा दसपट आहे. स्टॅबिलायझरचा विचार तूर्त सोडला.

२४ मेला सेंटरला दुसरं पत्र पाठवलं. त्यात वाद घातला नाही. तीनच गोष्टी मागितल्या: नकाराचं कारण लेखी द्या, उघडलेल्या मशीनचे फोटो द्या, आणि मागचं बेअरिंग हाताने फिरवून बघा. दुसऱ्याच दिवशी पाऊस आला, मे महिन्यातच, आणि मांगरातल्या फळ्या झाकण्यात माझा आठवडा गेला.

२ जूनला फोटो आले. ते चार फोटो मी किती वेळा मोठे करून पाहिले असतील! ओव्हरलोडने जळलेल्या मोटरीत सगळं सारखं भाजतं. आर्मेचरच्या सगळ्या गुंडाळ्या काळपट होतात, आणि बाहेरची फील्डची, म्हणजे न फिरणाऱ्या भागाची, गुंडाळीही करपते, कारण करंट दोन्हीतून तोच वाहतो. माझ्या फोटोत फील्ड स्वच्छ, तांबूस होती. आर्मेचर एकाच बाजूला काळं, कम्युटेटरच्या दोन पट्ट्या खाल्लेल्या. आणि आर्मेचरच्या लोखंडी पत्र्यांवर बोटभर रुंद चकचकीत पट्टा, नाण्यासारखा घासलेला. आर्मेचर आणि फील्ड यांच्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर मोकळी जागा असते. बेअरिंग सैल झालं की आर्मेचर तिरकं होऊन घासतं, आणि तेच झालं होतं. मागचं बेअरिंग ६०८ नंबरचं: आत ८, बाहेर २२, रुंदी ७ मिलिमीटर. शंभर रुपयांच्या आतली वस्तू. त्याची गोळ्या धरणारी कडी तुटलेली चौथ्या फोटोत दिसत होती.

हे सगळं फोटोवर बाण काढून लिहिलं, फेब्रुवारीचा व्हिडिओ जोडला आणि कंपनीच्या मुख्य तक्रार पत्त्यावर ईमेल केला. दहा दिवस उत्तर नाही. १३ जूनला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर फोन केला. मराठीत बोलता आलं. त्यांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला आणि तक्रार कंपनीकडे पाठवली. १८ जूनला कंपनीचा ईमेल आला: वॉरंटी मान्य.

तेवढ्यावर भागलं नसतं तर पुढची तयारीही केली होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. म्हणजे मला कोल्हापूरला किंवा कंपनीच्या गावाला जायला नको, सिंधुदुर्गनगरी पुरे. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील लावायची सक्ती नाही, आणि कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. माझा रंधा साडेचार हजारांचा. तेवढ्यासाठी मी गेलो असतो का? गेलो असतो. ज्या वस्तूचे पैसे सचोटीने मोजले तिच्या बिघाडाच्या कारणाबद्दल खोटं ऐकून घेणं मला जमत नाही.

बिलाबद्दल दोन गोष्टी. दुकानातून मिळणारं चकचकीत कागदाचं बिल आपल्या हवेत सहा-आठ महिन्यांत कोरं होतं. आणल्या दिवशी फोटो काढा, झेरॉक्सही काढा. दुसरं, बिल स्वतःच्या नावावर घ्या, ओळखीच्या सुताराच्या वर्कशॉपच्या नावावर नको. हौशी वापराच्या मशीनच्या कार्डावर धंद्यासाठी वापरल्यास वॉरंटी नाही अशी ओळ बऱ्याचदा असते. आणि नोंदणी! माझ्या कार्डावर ६ महिने होते, ३० दिवसांत ऑनलाइन नोंदणी केल्यास १२. दिवाळीपासून ११ मेपर्यंत सहा महिने उलटले होते. बायकोने दिवाळीच्या पाडव्याच्या संध्याकाळी बसून नोंदणी केली नसती तर यातलं काहीच झालं नसतं.

५ जुलैला रंधा आला. आर्मेचर आणि दोन्ही बेअरिंगं फुकट. कार्बन आणि बेल्ट झिजणाऱ्या वस्तू म्हणून त्यांचे ३४० रुपये मी दिले, ते योग्यच आहे. पार्सलचा खर्चही माझाच. एक विनंती त्यांनी ऐकली: मागचं बेअरिंग पत्र्याच्या झाकणाचं न घालता रबरी सीलचं घातलं. फणसाचा पिवळा भुसा पिठासारखा बारीक असतो, त्यात इथली खारी हवा. पत्र्याच्या फटीतून दोन्ही आत जातात.

ट्रिमरचाही (लाकडाच्या कडा काढायच्या मशीनचा) स्विच याच काळात अडला. त्याचा दावा केला नाही. स्विचच्या पट्टीवर हिरवट थर होता, म्हणजे दमट हवेत उघडा ठेवल्याचा परिणाम, दोष माझा. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे, पाच-सहा वेळा चालू-बंद, झालं. जे आपलं ते आपलं म्हणावं. आता सगळी मशीनं एका लाकडी कपाटात आहेत आणि आत तळाला २५ वॅटचा जुना पिवळा बल्ब दिवसरात्र चालू असतो. दिवसाला ०.६ युनिट. पावसाळ्यात घरोघर कपड्यांच्या कपाटात हेच करतात. ड्रमला आणि पात्यांना मशीन ऑइलचा हात फिरवतो. खोबरेल लावू नका, ते चिकट होऊन भुसा धरून ठेवतं.

आणि फळ्या? रंधा नव्हता त्या काळात आबांनी त्यांचा लाकडी हातरंधा दिला. पहिली फळी पूर्ण त्यावर काढली. चार दिवस लागले. एका ठिकाणी गाठीभोवती लाकडाची रेषा (तंतूंची दिशा) उलटते, तिथे मशीन लाकूड उचकटते. हातरंधा दोन्ही बाजूंनी गाठीकडे नेला, पातं केसाएवढं बाहेर ठेवलं, तेव्हा तिथून कागदासारखी पारदर्शक सालं निघाली आणि गाठ आरशासारखी झाली. त्यामुळे गाठीजवळ यापुढे मशीन नेणार नाही.

काल सकाळी २१९ व्होल्ट. दुसरी फळी परत आलेल्या रंध्याने उतरवली, अर्धा मिलिमीटरचे सहा हात. बंद केल्यावर कान लावून बसलो. थांबेपर्यंत एकसारखा मऊ आवाज. आबांना बोलावून ऐकवला. ते म्हणाले, "आता बरो हा." दोन्ही फळ्या जोडून शिकंजे आवळलेत. या हवेत गोंद सुकायला दोन दिवस देतो, मग भोकं पाडून पितळी कड्या. चतुर्थी २७ ऑगस्टला आहे.