परस्पर संमतीने

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. दर मोसमात विचारता आणि दर वेळी मी विषय बदलतो. भाचा विचारतो, ऑफिसातले विचारतात, रविवारी सेव-उसळ खायला गेलो की तिथेही कुणीतरी हटकतं, "काका, तुमच्या मँचेस्टर युनायटेडचं काय? हा मॅनेजर काढायला हवा की नको?" मी 'बघू' म्हणतो. मग तुम्ही म्हणता, एवढी वर्षं रात्री जागून मॅच बघणाऱ्या माणसाला मत नाही असं कसं होईल? मत होतं. एकदा ते अंमलातही आणलं. तेव्हापासून देत नाही.

आधी फर्ग्युसनचं सांगून टाकतो, कारण तुमच्यातले निम्मे तिथूनच सुरुवात करतात. नोव्हेंबर १९८६ मध्ये युनायटेडचा मॅनेजर म्हणून आला, तीन वर्षं हाती काही लागलं नाही, सप्टेंबर १९८९ मध्ये गावातल्याच मँचेस्टर सिटीकडून ५-१ असा मार खाल्ला, त्या डिसेंबरात घरच्याच मैदानावर प्रेक्षकांनी त्याला निरोपाचा फलक दाखवला. जानेवारीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सचा गोल, मे १९९० मध्ये एफए कप, १९९३ मध्ये २६ वर्षांनी लीग, आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत १३ लीग. ही गोष्ट मीसुद्धा पुष्कळांना ऐकवली आहे. आता ऐकवत नाही. धीर धरला आणि फळ मिळालं, अशा एका माणसाची ती गोष्ट आहे. धीर धरून बुडालेल्या क्लबांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण तिच्यात सांगण्यासारखा गोलच नसतो.

आणि उलटही घडतंच. चेल्सीनं मार्च २०१२ मध्ये मॅनेजर व्हिलास-बोआसला काढलं, त्याच्या हाताखालच्या दी मात्तेओला बसवलं आणि मे महिन्यात युरोपातली चॅम्पियन्स लीग जिंकली. जानेवारी २०२१ मध्ये लॅम्पार्डला काढून टुकेलला आणलं, चार महिन्यांत पुन्हा तोच कप. तेव्हा 'वेळ द्या, वेळ द्या' म्हणणाऱ्यांनी या दोन तारखांकडेही बघावं.

माझा भाचा अर्थशास्त्र शिकलाय. त्यानं मला बास तेर वेल नावाच्या डच अर्थशास्त्रज्ञाचा अभ्यास दाखवला, १९८६ ते २००४ या काळातल्या तिथल्या लीगवरचा. ओळीनं हरणाऱ्या क्लबनं मॅनेजर बदलला की पुढे निकाल सुधारतात हे खरं. पण तसेच हरत असलेल्या आणि मॅनेजर न बदललेल्या क्लबचेही निकाल जवळपास तसेच सुधारतात. ताप उतरायच्या दिवशी वैद्य बदलावा आणि गुण नव्या वैद्याला द्यावा, तसं. भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे काढून फायदा नाही." मी हो म्हटलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही. त्याला ते क्लब दिसत होते, मला बडोद्याचं पोलो ग्राउंड दिसत होतं.

इथून पुढचं मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

आमचा बडोद्यातला क्लब छोटा होता, नाव सांगायची गरज नाही. दांडिया बाजार, रावपुरा, प्रतापनगर इथली सोळा ते एकोणीस वयाची मुलं. वर्गणीतून जर्सी, सकाळी पोलो ग्राउंडवर प्रॅक्टिस. मी चिटणीस. आणि कोच म्हणजे सर, रेल्वेतून निवृत्त झालेले. शाळेत असताना मी त्यांच्याच हाताखाली खेळलो. २६ मे १९९९ ची युनायटेडची ती चॅम्पियन्स लीग फायनल आम्ही सात-आठ जणांनी त्यांच्याच घरी बघितली होती. रात्री दोनच्या सुमारास, वेळ संपल्यावर, आधी शेरिंगहॅमचा गोल आणि मग सोल्शायरचा. आमच्या ओरडण्यानं अख्खा वाडा जागा झाला. सरांनी माझा कान पिरगाळला, "कॉर्नरला गोलाच्या तोंडाशी उभा राहा म्हणून तुला किती वर्षं सांगत होतो?" त्या रात्रीपासून मी युनायटेडचा. क्लब मला त्या घरात मिळाला, हे लक्षात ठेवा.

२००८ च्या पावसाळ्यात आम्ही नऊ मॅच खेळलो. सात हरलो, एक बरोबरीत, एक जिंकलो. सरांचा हट्ट एकच, बॉल जमिनीवरून द्यायचा. पोलो ग्राउंडच्या चिखलात दहा फुटांवर बॉल थांबायचा, समोरचा संघ उचलून लांब मारायचा आणि गोल करून जायचा. सर ऐकायचे नाहीत. प्रॅक्टिसचा पहिला अर्धा तास मुलांनी कमजोर पायानं भिंतीवर बॉल मारायचा, मारायचा आणि अडवायचा. पालक मला गाठून विचारायचे, मुलगा फुटबॉल खेळायला येतो की भिंतीशी डोकं फोडायला? गोलकीपर दोन मॅचमध्ये गडबडला, त्यानंतर बॉल जवळ आला की त्याचे हात थरथरायचे ते मला लाइनवरून दिसायचं. बदला म्हणून मी स्वतः सांगितलं. "मुलगा उभा राहील," एवढंच सर म्हणाले. मुलं कमी व्हायला लागली. अठरा यायची. एका मंगळवारी मी मोजली तर सहा होती.

हे सगळं मी माझ्या बाजूनं सांगतोय, कळतंय मला. पण सहा हा आकडा खोटा नाही.

त्याच मंगळवारी प्रॅक्टिस संपल्यावर मी सरांबरोबर बॉलची जाळी उचलत होतो. सरांनी स्वतःहून काहीच विचारलं नव्हतं. मीच म्हणालो, "सर, मोसम संपेपर्यंत तुम्ही आहात. माझी जबाबदारी." का म्हणालो? त्यांचं तोंड उतरलेलं मला बघवलं नाही. ते काही बोलले नाहीत, जाळीची दुसरी बाजू धरून चालत राहिले.

आठ दिवसांनी कमिटी बसली. पाच जण. दोन म्हणाले ठेवा, दोन म्हणाले काढा. सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी काढा म्हणालो. पुढे पुष्कळ वर्षं मी 'कमिटीनं ठरवलं' असंच सांगत आलो. कमिटीचं दोन-दोन होतं. ठरवलं मी.

पत्र गुजरातीत टाइप झालं, क्लबचे सगळे कागद गुजरातीतच असायचे. मी ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर द्यायचं ठरलं. सकाळीच का गेलो नाही, हा प्रश्न मी स्वतःला शेकडो वेळा विचारलाय. रजा मिळाली असती. मला ते दिवसभर पुढे ढकलायचं होतं, दुसरं कारण नाही. आणि तेवढ्यात सकाळी दुधाच्या रांगेत एका मुलाच्या वडलांनी सरांना सांगून टाकलं. हे मला ठाऊक नव्हतं. पिशवीत पत्र गुंडाळून, पावसात स्कूटरवरून मी सात वाजता पोचलो.

सर ओसरीत पाटावर बसले होते. मांडीत एक फुटबॉल, एका बाजूची शिवण उसवलेली. आतल्या ब्लॅडरला पंक्चर लावून झालं होतं आणि ते मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवण परत घालत होते. शेजारी पाण्याची बादली, पंप. क्लबकडे नवे बॉल घ्यायला पैसे नसायचे, जुने सर शिवायचे. दाभण आत घालायचे, दोरा ओढायचे, अंगठ्यानं टाका दाबायचे. मान वर न करता म्हणाले, "ये. पाच-सहा टाके राहिलेत." काकूंनी चहा आणला आणि एक शब्द न बोलता आत गेल्या. तेव्हा मला कळलं की यांना कळलंय.

मी पत्र पुढे केलं. "हात मेणाचे आहेत, तूच वाच." मी वाचलं. क्लबची बरीच वर्षं सेवा केली त्याबद्दल ऋणी वगैरे. मग ते वाक्य आलं, परस्पर संमतीने सेवा समाप्त करण्यात येत आहे. सरांनी दाभण थांबवलं.

"परस्पर संमतीने?"

मी काही बोललो नाही.

"परस्पर हे बरोबर लिहिलंय," सर म्हणाले.

गुजराती पत्रातला शब्द त्यांनी मराठीत ऐकला. परस्पर म्हणजे एकमेकांच्या, आणि परस्पर म्हणजे मला न विचारता, बाहेरच्या बाहेर. त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. शुद्धलेखन तपासणाऱ्या मास्तरासारखे ते बोलले आणि पुढचा टाका घातला.

मला उठता येईना. पाच टाके झाले, सहावा झाला, गाठ मारली, दोरा दातानं तोडला. पंपाची सुई थुंकीनं ओली करून व्हॉल्व्हमध्ये घातली, हवा भरली, बॉल बादलीत दाबून धरला. आम्ही दोघंही पाण्याकडे बघत होतो. बुडबुडा आला नाही. त्यांनी बॉल पंचानं पुसला, सामानाच्या खोलीची किल्ली आणि शंभर पानी वही त्याच्यासोबत ठेवली आणि म्हणाले, "उद्या मुलांना लागेल, घेऊनच जा." पाऊस होता. तो बॉल मी रेनकोटच्या आत पोटाशी धरून घरी आणला.

पुढचं थोडक्यात. नवा कोच आला, लांब बॉल मारायला लागलो, ओळीनं तीन मॅच जिंकल्या. मुलं परत आली, सोळा-सतरा. माझी पाठ थोपटली गेली आणि मी ती थोपटून घेतली. त्या वेळी मला कुणी विचारलं असतं तर छाती पुढे काढून सांगितलं असतं, काढायलाच हवं होतं, निकाल बघा. त्या छत्तीस वर्षांच्या माणसाशी माझं अजून भांडण होतं. मी त्याला म्हणतो, त्या तीन मॅचमध्ये दोन गोल डाव्या पायाचे होते आणि डावा पाय त्या भिंतीनं दिलेला. तो म्हणतो, भिंतीनं दिला असेल, पण सहा मुलांची टीम होत नाही, कोच कितीही खरा असला तरी ग्राउंडवर मुलं लागतात. मी म्हणतो, पाऊस संपला असता तर मैदान सुकलं असतं आणि जमिनीवरचा बॉल चालला असता. तो म्हणतो, तोवर क्लब राहिला असता का? इथे माझ्याकडे उत्तर नसतं. क्लब नंतर तीन वर्षांत बंद पडलाच, पण त्याची कारणं वेगळी होती. निदान मला तरी तसं वाटतं.

सर माझ्याशी बोलायचे थांबले नाहीत, हे अजून जड गेलं. एप्रिल २०१४ मध्ये खंडेराव मार्केटात भेटले, हातात मेथीची जुडी. त्याच आठवड्यात युनायटेडनं मोयेसला काढलं होतं. फर्ग्युसननं स्वतः निवडलेला माणूस, सहा वर्षांचा करार, दहा महिन्यांत घरी. मला वाटलं सर म्हणतील, वेळ द्यायला हवा होता. त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाले, "त्याला आधी कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "सोमवारी दिवसभर बातम्या चालू होत्या, सर. क्लबनं मंगळवारी जाहीर केलं."

"म्हणजे दुधाच्या रांगेत," सर म्हणाले, आणि भाजीवाल्याला पैसे द्यायला वळले. त्यानंतर आमची भेट झाली नाही. ते गेले तेव्हा मी गावाला होतो.

तेव्हापासून मी प्रत्येक वेळी तेवढंच बघतो. २०१६ मध्ये युनायटेडच्या व्हान हालनं एफए कप जिंकला त्याच संध्याकाळी त्याला काढणार असल्याची बातमी फुटली, दोन दिवसांनी काढलं. २०२४ मध्ये टेन हागनं तोच कप जिंकला, सिटीला हरवून. क्लबनं उन्हाळ्यात दुसऱ्या उमेदवारांशी बोलणी केली, मग जुलैत याचाच करार एक वर्षानं वाढवला आणि २८ ऑक्टोबरला काढला. तुम्ही सगळे ऑक्टोबरवर वाद घालत होता. माझं डोकं जुलैत अडकलं होतं. तो करार वाढवणाऱ्याला मी ओळखतो. तो बॉलच्या जाळीची एक बाजू धरून चालत होता.

तर, काढावं का? तो मंगळवार मी मनात पुष्कळदा परत आणून बघितलाय. सहा मुलं, चिखल, थरथरणारा गोलकीपर. खरं सांगतो, बहुतेक वेळा मी पुन्हा काढाच म्हणतो. ते आठ दिवस मात्र माझ्याच्यानं परत घालवता येत नाहीत. तुम्हाला हे उत्तर वाटणार नाही, भाच्याला तर नाहीच वाटलं. तो म्हणाला, "मामा, काढा म्हणताय की ठेवा?"

त्याला मी ती शंभर पानी वही दाखवली. प्रत्येक मुलाला एक पान आहे. कुणाचा डावा पाय, कुणाचा दम, कुणाच्या घरी काय चाललंय. गोलकीपरच्या पानावर, मी पत्र घेऊन गेलो त्याच आठवड्याची तारीख टाकून सरांनी लिहिलंय: 'घाबरलाय. ओरडायचं नाही. दिवाळीपर्यंत बदलायचा नाही.' नव्या कोचनं त्याला पहिल्याच मॅचला बाहेर बसवलं. तो मुलगा परत ग्राउंडवर आला नाही. दिवाळी तेव्हा सात आठवड्यांवर होती.