आमची वाटचाल : जुन्या गाड्यांची राखण

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात आमच्या वर्कशॉपचा फोन सकाळपासून वाजत असतो. खंडेनवमीला गाडी पुजायची म्हणून लोक ताडपत्री काढतात आणि मग कळतं, बॉनेटवरचा मोनोग्राम नाही, हेडलाइटच्या रिंगा नाहीत, कार्ब्युरेटरच्या जागी चिंध्यांचा बोळा आहे. एखाद्याची तर शेडच रिकामी असते. चोरी कधी झाली, असं विचारलं तर घरात कुणालाच सांगता येत नाही. मृगाच्या तोंडाला झाकलेली गाडी, मधे चार महिने पाऊस, शेड मळ्यातली आणि राहणं गावात. जुनी गाडी चोरीला जाते ती कुलूप कच्चं असतं म्हणून कमी आणि तिच्याकडं कुणी फिरकत नाही म्हणून जास्त, हे आम्ही या धंद्यात पुन्हा पुन्हा पाहिलं. आमचं आजचं सगळं काम त्यावरच उभं आहे.

सुरुवात बाबांनी केली. बेळगावात खानापूर रोडला, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या अलीकडं त्यांचं पत्र्याच्या शेडमधलं गॅरेज होतं. आमचं गाव छावणीचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं, त्यामुळं लष्कराच्या लिलावातल्या विलीज जीप या भागात बऱ्याच फिरल्या. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, चंदगडच्या बाजूला, चिखलात चालणारी दुसरी गाडीच नव्हती. बाबांचा हात त्या जीपवर बसला. पुढं निपाणीचे तंबाखू व्यापारी फियाट आणि अँबेसेडर घेऊन यायला लागले, संकेश्वर-चिकोडीकडचे ऊसवाले आले. पोरंटोरं जावा आणि येझदी आणायची. म्हैसूरच्या कारखान्यातल्या या मोटरसायकली १९९६ पर्यंत निघत होत्या, आणि आमच्याकडं त्यांचं प्रेम अजून ओसरलेलं नाही.

राखणीचा पहिला धडा त्या जीपनंच दिला. युद्धकाळातल्या बहुतेक विलीजना चावीच नव्हती. इग्निशनला नुसती फिरवायची खिटी. बसला, फिरवली, पायाखालचं बटण दाबलं की गाडी चालू. लढाईत चावी शोधत बसायला वेळ कुणाला? पण त्यामुळं एका तुकडीची जीप दुसरी तुकडी खुशाल उचलून न्यायची, म्हणून ड्रायव्हर लोक गाडीत साखळी पक्की करून स्टिअरिंगला गुंडाळायचे आणि कुलूप घालायचे. नाहीतर डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाचं, झाकण उघडून आतला रोटर खिशात घालून जायचे. बाबा दोन्ही करायचे. ऐंशी वर्षं उलटली, पण गाडीला एकही भोक न पाडता, एकही वायर न तोडता करता येणारा याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही. रोटर बोटभर लांबीचा. तो नसला तर इंजिन फिरेल, पेटणार नाही.

नव्वदीनंतर मारुती सगळीकडं झाली आणि आमचं काम आटलं. २००० च्या आसपास कुर्ल्याची पद्मिनी बंद झाली, २०१४ मध्ये उत्तरपाड्याची अँबेसेडरही थांबली. धंदा जवळजवळ मिटल्यात जमा होता. तो परत उभा केला नातवंडांनी. आजोबांची फियाट पुन्हा रस्त्यावर आणायची म्हणून पुण्या-बंगळुरात नोकरीला असलेली मुलं यायला लागली. इथं बेळगावचा फायदा आम्हाला मिळाला. सुटा भाग मिळाला नाही तर उद्यमबागेत पॅटर्नवाला आहे, ओतारी आहे, लेथवाला आहे. दरवाजाचं हँडल, बिजागरी, हबकॅपचा क्लिप नमुना दिला की करून मिळतो. जीर्णोद्धाराचं काम वाढलं तसं लक्षात आलं, की वर्षभर खपून उभी केलेली गाडी घरी गेल्यावर अगदीच उघडी असते. नव्या गाडीच्या चावीत चिप असते, ती ओळखल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. फियाट ११०० ला यातलं काही नाही. जुन्या जावाची खिळ्यासारखी चावी तर एकाची दुसऱ्याला चालते. शिवाय चोराला अख्खी गाडी लागतेच असं नाही. चालती गाडी विकायला कागद लागतात, सुट्या भागांना कोण कागद विचारतो? आणि शेवटचा रस्ता भंगाराचा. जिच्यासाठी एखाद्यानं आयुष्याची पुंजी घातली ती गाडी किलोवर जाते, याचा मला फार राग येतो.

राखणीचं पहिलं मोठं काम निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यांचं. वय झालेलं, आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो. गाडी त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली फियाट. मी चोरबटण, म्हणजे दाबल्याशिवाय इंजिन पेटू न देणारं लपवलेलं बटण, बसवायचं म्हटलं तर ते दारातच उभे राहिले.

"डॅशबोर्डला भोक पाडायचं नाही हं. वडिलांचा हात लागलेला पत्रा आहे तो."

"भोक नाही पाडत, आण्णा. आधीच्याच नटाखाली पट्टी धरतो. उद्या नको वाटलं तर नट सोडायचा, पट्टी काढायची. गाडी होती तशी."

"मग बघूया की. पण मी इथंच बसणार."

खुर्ची टाकून ते खरंच बसले. डॅशबोर्डच्या खालच्या अंगाला जो मूळचा नट होता तो सैल केला, त्याच्याखाली उद्यमबागेत वाकवून आणलेली पत्र्याची पट्टी सरकवली आणि तिच्यावर बटण घेतलं. इग्निशनकडून कॉइलला जाणारी वायर त्या बटणातून फिरवली, पण मूळ वायर कापली नाही, ती तशीच गुंडाळून बाजूला बांधून ठेवली. नव्या वायरीवर जुन्यासारखंच कापडी वेष्टण चढवलं, म्हणजे वरवर बघणाऱ्याला वेगळं काही दिसू नये. आण्णांनी स्वतः बसून चावी फिरवली. इंजिन खरखरलं, पेटलं नाही. डाव्या हातानं बटण चाचपलं, परत फिरवली, गाडी बोलली. "हे बटण सुनेलाबी दाखवायला पाहिजे," म्हणाले, आणि लगेच तिला हाक मारली. तेव्हापासून आमचा नियम झाला : बसवलेलं काहीही परत काढता आलं पाहिजे आणि गाडी आपल्या मूळ रूपात जायला पाहिजे.

ट्रॅकरचं, म्हणजे गाडी कुठं आहे ते फोनवर कळवणाऱ्या यंत्राचं, काम मात्र दिसतं तेवढं सोपं नाही. बाजारातला ट्रॅकर बारा व्होल्टचा आणि मायनस बॉडीला जोडलेली गाडी गृहीत धरून बनवलेला. जुन्या ब्रिटिश घडणीच्या कितीतरी गाड्यांत प्लस बॉडीला असतो. बहुतेक जावा-येझदी आणि लष्करी विलीज सहा व्होल्टच्या. नवा पोरगा रंग बघून वायरी जोडतो आणि ट्रॅकर जळतो, कधी हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचा जुडगाही जळतो. म्हणून अशा गाडीत आम्ही ट्रॅकरला त्याची स्वतंत्र बॅटरी देतो किंवा मधे व्होल्ट बदलून देणारा वेगळा कन्व्हर्टर घालतो आणि धातूचं काहीही बॉडीला टेकू देत नाही. बॅटरीचा कट-ऑफ बसवला असेल तर तो बंद केल्यावरही ट्रॅकर जिवंत राहिला पाहिजे, हेही बघावं लागतं. पत्र्याच्या शेडमध्ये उपग्रहाचा सिग्नल नीट येत नाही, चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात मोबाइलची रेंज जाते. रेंज नसताना नोंदी साठवून नंतर पाठवणारं यंत्र घ्यावं लागतं. आणि सिमचं रिचार्ज! ट्रॅकर आहे पण सिम बंद पडलेलं, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता रिचार्जची तारीख आम्हीच लिहून ठेवतो आणि फोन करतो.

गाडी टोइंगवर किंवा ट्रकमध्ये उचलून घातली तर चोरबटणाचा काही उपयोग नाही. तिथं चाकाचा क्लँप, खांबाला साखळी आणि साधा गावठी उपाय : शेडच्या तोंडाला ट्रॅक्टर आडवा लावा. ट्रॅक्टर रोज हलतो, त्यामुळं माणूस रोज शेडकडं जातो. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. आठवड्यातून एकदा गाडी चालू करा, गावातून एक फेरी मारा. इंजिनलाही बरं, आणि चार लोकांच्या नजरेतली गाडी गपचूप हलवणं अवघड जातं.

२०२० च्या टाळेबंदीत गाड्या महिनोन् महिने उभ्या राहिल्या आणि आमच्याकडं कामच नव्हतं. त्या काळात "गाडीची वही" सुरू केली. आज माझ्या मते कुलपापेक्षाही या वहीची किंमत जास्त आहे. तीत चेसिस आणि इंजिन नंबरचे फोटो, कागद ठेवून पेन्सिलीनं घासून घेतलेला ठसा, चारी बाजूंचे फोटो आणि ज्या खुणा फक्त मालकाला माहीत असतात त्या : डिक्कीच्या आतला जुना डाग, पुढच्या सीटखालचं वेल्डिंग, काचेवरचा बारीक ओरखडा. आम्ही मालकाला विचारून काचांच्या कोपऱ्यात आणि मोठ्या भागांच्या आतल्या अंगाला बारीक खूणही करतो. नंबरप्लेट पाच मिनिटांत बदलते, या खुणा बदलायला चोराला गाडी पूर्ण उलगडावी लागते.

इटलीतलं एक उदाहरण मी नेहमी देतो. फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर गेरहार्ड बर्गर यांची फेरारी १९९५ मध्ये इमोलाला चोरीला गेली. ती सापडली २०२४ मध्ये, लंडन पोलिसांना. विक्रीआधी फेरारी कंपनीनं नोंदी तपासल्या तेव्हा नंबर चोरीच्या गाडीचा निघाला. जवळजवळ तीस वर्षांनी गाडी ओळखता आली ती नोंदींमुळं.

सीमाभागात कागदांचं महत्त्व आणखी वाढतं. निपाणीतून निघालेली गाडी कोगनोळी ओलांडून बघता बघता कागलला, म्हणजे दुसऱ्या राज्यात पोचते. इथल्या कितीतरी घरांत एक गाडी केए-२३ ची आणि दुसरी एमएच-०९ ची असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कुठंही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवून घेण्याची तरतूद कलम १७३ मध्ये आहे. हद्द कुणाची यावर वेळ घालवू नका, जवळचं ठाणं गाठा. आपल्याकडं तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाते, आणि मराठी शाळेत शिकलेल्या शेतकऱ्याला त्या घाईत गाडीचं वर्णन नीट सांगता येत नाही. म्हणून वहीचं पहिलं पान आम्ही कन्नड, मराठी आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत छापतो. ठाण्यात ते पान पुढं केलं की निम्मं काम होतं.

नोंदणी हा तर स्वतंत्र विषय. "एमवाय" नंबरच्या, म्हणजे म्हैसूर राज्याच्या काळातल्या गाड्या अजून आमच्याकडं येतात. अशा गाडीची नोंद संगणकावर आहे का ते आधी बघा, नसेल तर आरटीओतून बी-एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे नोंदवहीतला उतारा, काढून ती चढवून घ्या. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्रानं व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अट अशी, की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत. गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, तेव्हा लग्नाला भाड्यानं देणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

विम्यात लोक सर्वांत जास्त फसतात. जुनी गाडी म्हणून फक्त थर्ड पार्टी काढतात, त्यात चोरीचा एक रुपया मिळत नाही. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विम्याची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. त्यासाठी फोटो, बिलं, झालेल्या कामाचा तपशील लागतो, आणि तो वहीत असतोच. आरसीची मुदत संपू देऊ नका. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका चोरीच्या दाव्यात, गाडीची तात्पुरती नोंदणी संपली होती म्हणून भरपाई नाकारली. चोरी झाली तर कंपनीला लगेच लेखी कळवा, दोन्ही चाव्या जपा. गाडी सापडली नाही तर पोलिसांचा "सी रिपोर्ट", म्हणजे तपास करूनही शोध लागला नाही असा अहवाल, लागतो, त्याच्यासाठी पाठपुरावा करावा लागतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे. स्वस्तात मिळाली म्हणून उचलू नका. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या "वाहन समन्वय" पोर्टलवर चेसिस आणि इंजिन नंबर टाकून गाडी चोरीची आहे का ते बघता येतं. चेसिसच्या पाटीचे रिव्हेट नवे दिसले, नंबरच्या आसपास ग्राइंडर फिरल्यासारखा पत्रा दिसला, तर तिथूनच मागं फिरा. आम्हीही असं काम घेत नाही. कागद दाखवल्याशिवाय कुठलीच गाडी आत येत नाही, ओळखीच्या माणसाची असली तरी. यावरून काही गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत जुनी गाडी निघाली की तिचे फोटो नंबरसकट, घराच्या पत्त्यासकट फोनवर फिरतात. गाडी मिरवा, अभिमानानं मिरवा, पण ती रात्री कुठं उभी राहते ते जगाला सांगू नका. "बघायला आलोय, एक चक्कर मारून बघू का" म्हणणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात एकट्याच्या भरवशावर चावी देऊ नका.

सध्या आमच्याकडं सहा व्होल्टच्या गाड्यांसाठी छोटा कन्व्हर्टर बनवायचं काम चालू आहे. आयटीआय झालेली दोन मुलं त्यावर बसली आहेत, आणि पहिला नमुना एका येझदीवर खानापूरच्या रस्त्यानं फिरतोय. पावसाळ्याआधी वही करून घ्यायची असेल तर वळीव पडायच्या आत या. गाडी आणता येत नसेल तर आम्ही शेडवर येतो, खानापूरपासून चिकोडीपर्यंत कुठंही. फक्त आरसी आणि विम्याचा कागद काढून ठेवा, आणि घरातल्या ज्या माणसाला शेडवर लक्ष ठेवायचंय, त्याला त्या दिवशी घरी थांबवा.