घमेल्यातला चंद्र

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. शाळेविषयी लिहायला बसलो खरा, पण प्रत्येक ओळ भूगोलाच्या सरांपाशीच जाऊन थांबते. त्यांचं नाव आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

मी नववीत होतो. जुलै महिना, आणि खानापूरकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे, आठ-आठ दिवस ऊन दिसायचं नाही. सरांनी ग्रह कसे तयार झाले हा विषय काढला. खाटेखालचा केर पाहिलाय का, असं विचारून सुरुवात. कुणी वळत नाही, तरी तिथं धुळीचे गोळे होतात. सूर्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या चकतीत असेच कण कणाला चिकटले, त्यांचे डोंगराएवढे गोळे झाले, आणि तेच एकमेकांवर आदळत, एकात एक मिसळत ४५० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी झाली.

मग शिपाईमामांकडून घमेलं आणवलं. तळाशी ओली माती, वर चाळलेली राख. बाकावर उभं राहून आम्ही उल्का म्हणून एकेक खडा सोडला. काय चंद्र झाला होता तो! उचललेल्या काठांचे खड्डे, मोठ्या खड्ड्यात बारके खड्डे. सुटताना ते घमेलं व्हरांड्यातून आत ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी विसरलो.

रात्रभर कौलांच्या पागोळ्या त्यावर पडल्या. सकाळी पाहतो तर सगळं सपाट. राख वाहून गेलेली, मातीत दोन-तीन ओघळ पडलेले. सर आले तसा मी छडीसाठी हात पुढे करून उभा राहिलो. सर घमेल्याजवळ उकिडवे बसले, किती तरी वेळ बघत राहिले.

"काय करालास रे हात पुढं करून? हिकडं बघ की! काल चंद्र होता, आज पृथ्वी झाली."

त्या दिवशी पुढचे दोन्ही तास सरांनीच घेतले. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, म्हणून अब्जावधी वर्षांचे घाव तिथं तसेच राहिले. पृथ्वीनंही तसाच मार खाल्ला, पण नद्यांनी, वाऱ्यानं, लाव्ह्यानं आणि सरकणाऱ्या भूपट्टांनी तो पुसून टाकला. लोणारचं १.८ किलोमीटर रुंदीचं विवर टिकलंय, कारण ते पृथ्वीच्या मानानं अगदी अलीकडचं. मग सर उठले आणि वर्गाच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहत होता. तो गोठून झालेल्या काळ्या दगडातलं बरंचसं पावसानं धुऊन नेलं, लोखंड मागं राहिलं, तोच हा तांबडा जांभा. तुम्ही लाव्ह्याला पाठ टेकून बसलाय.

पुढं मी भूगर्भशास्त्र शिकलो. तीस वर्षं विहिरी आणि बोअरच्या जागा शोधण्यात गेली. खाली बुडबुड्यांच्या खुणा असलेला मांजऱ्या खडक लागतो की अखंड काळा पाषाण, दोन लाव्हाथरांच्या मधली तांबडी माती किती जाड, यावर शेतकऱ्याचं पाणी ठरतं. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत पावसानं केलेली ती माती. ती हाताला लागली की दर वेळी मला घमेलं आठवतं. माझ्या हातून शेकडो शेतांना पाणी लागलं, त्यातलं निम्मं श्रेय सरांचं.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा मी टीव्हीसमोर उभाच होतो. सर नव्हते. फोन करायला दुसरं कुणी आठवेना.

आता शाळेला स्लॅब पडलाय, कौलं गेली, पागोळ्याही गेल्या. मुलांची सोय झाली, हे चांगलंच. पण मागच्या बाजूची जांभ्याची एक भिंत अजून उघडी आहे असं ऐकतो. महोत्सवाच्या रंगरंगोटीत तिला गिलावा करू नका. सरांचा हात तिच्यावर टेकलेला आहे.