चिकदूध पिळून टाकू नका

प्रसूती वॉर्डात काम करताना अजूनही ऐकू येतं, "पहिलं दूध जड असतं, टाकून द्या. बाळाला मध चाटवा." या दोन्ही गोष्टींना मी हात जोडून विरोध करते. वर्षाच्या आत मध नकोच, त्यातून बोट्युलिझम या जिवाणूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

आणि चिकदूध, म्हणजे हेच पहिलं दूध! आईच्या दुधातल्या काही शर्करा बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बाळाच्या आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरिया या उपयुक्त जिवाणूंसाठी, आणि चिकदुधात त्या सर्वांत जास्त. आई बाळासोबत त्याच्या जिवाणूंनाही जेवू घालते, हे मला दरवेळी नव्याने थक्क करतं. सिझेरियनच्या बाळाला जन्मताना आईचे जिवाणू कमी मिळतात, म्हणून तिथे तर मी पहिल्या तासातच बाळ छातीशी लावायची घाई करते.

ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर झालेला अभ्यास २०१७ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. स्तनपान घेणाऱ्या काही बाळांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लँटारम हा उपयुक्त जिवाणू आणि त्याचं खाद्य दिलं, इतरांना नुसतं तसंच दिसणारं द्रव्य. जंतुदोष किंवा मृत्यूचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आलं. याचा अर्थ दुकानातली कुठलीही प्रोबायोटिक (उपयुक्त जिवाणूंची) पुडी बाळाला द्यावी, असा मुळीच नाही. डॉक्टरांना विचारा. चिकदूध मात्र कुणाला न विचारता पाजा.